प्रॉडक्ट डिझायनरचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझाइनला जावं का असं विचारणारी बारावीची मुलं, त्यांचे आईवडील, नोकरी बदलायच्या विचारात असलेले इंजिनिअर आणि अधूनमधून ऑफिसातलेच सहकारी, यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पुण्यात पैशांच्या व्यवहारांच्या ॲपवर काम करते, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची जास्त आहेत.

## प्रॉडक्ट डिझायनर मिक्सर-खुर्च्या डिझाइन करतो की मोबाइल ॲप?

दोन्ही. आपल्याकडे ही शाखा हातात धरता येणाऱ्या वस्तूंपासून सुरू झाली. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९६१ सालची, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ सालचं. आज नोकरीच्या जाहिरातीत प्रॉडक्ट डिझायनर हवा असं दिसलं, तर बहुतेक वेळा ते ॲप किंवा वेबसाइटचं काम असतं. वस्तूंच्या कामासाठी इंडस्ट्रियल डिझायनर असं लिहिलेलं सापडेल. या पानावर पुढे मुख्यतः ॲपच्या कामाबद्दल सांगितलं आहे.

दोन्हींचा गाभा मात्र एकच, आणि तो समजून घ्यायचा तर मतदान यंत्र नीट बघावं. त्याच्या बाह्यरचनेवर आयडीसीतल्या अध्यापकांनी काम केलं होतं. यंत्राचे दोन भाग आहेत. एक मतदान अधिकाऱ्यासमोर, दुसरा आडोशाच्या आत, मध्ये पाच मीटरची केबल. अधिकाऱ्याने बटण दाबल्याशिवाय आतल्या यंत्रावर मत नोंदवता येत नाही आणि एका वेळी एकच मत जातं. उमेदवारासमोरचं निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांब बीप वाजतो. म्हणजे मत देणाऱ्याला कळतं, बाहेर बसलेल्या सगळ्यांनाही कळतं, पण कुणाला दिलं ते कुणालाच कळत नाही. वाचता येत नसेल तर चिन्ह आहे, दिसत नसेल तर बटणाशेजारी ब्रेलमधले आकडे आहेत, गावात वीज नसेल तर बॅटरी आहे. यात सजावट कुठेच नाही. कोण वापरणार, कुठे वापरणार, काय चुकू शकतं आणि चुकलं तर काय व्हायला हवं, याची उत्तरं प्लास्टिकच्या दोन पेट्यांत उतरवलेली आहेत. प्रॉडक्ट डिझायनर हेच काम करतो, मग माध्यम प्लास्टिक असो की मोबाइलचा पडदा.

## मग यूआय डिझायनर, यूएक्स डिझायनर, ग्राफिक डिझायनर हे वेगळे कोण?

ग्राफिक डिझायनर संदेश पोहोचवतो: पोस्टर, पॅकेजिंग, ब्रँडची ओळख. यूआय डिझायनर पडद्यावरचं रूप सांभाळतो, म्हणजे रंग, अक्षरं, बटणं, अंतरं. यूएक्स डिझायनर माणसाचा त्या ॲपमधला पूर्ण प्रवास आखतो. प्रॉडक्ट डिझायनरकडून या दोन्हींबरोबर आणखी एक अपेक्षा असते: हे बनवावं की नाही, आधी काय बनवावं आणि बनवल्याचा उपयोग झाला का, या चर्चेत त्याने बरोबरीने बसावं. प्रत्यक्षात कंपनीगणिक पदांची नावं बदलतात. त्यामुळे पदापेक्षा जाहिरातीतला कामाचा तपशील वाचा आणि मुलाखतीत सरळ विचारा, "संशोधन कोण करतं? लाँच झाल्यावर आकडे डिझायनरला दिसतात का?" उत्तर अडखळत आलं तर तिथे तुमच्याकडून नुसते पडदे आखून घेतील, हे समजून जा.

## दिवसभर नेमकं काय करता?

सकाळी टीमचा स्टँडअप, म्हणजे छोटी बैठक असते: काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. त्यानंतर एखाद्या इंजिनिअरबरोबर बसून, बँकेकडून उत्तर यायला वेळ लागला तर पडद्यावर काय दाखवायचं हे ठरवणं. मग ग्राहक सेवेकडे आलेल्या तक्रारी वाचणं. हे मी रोज करते आणि नव्या डिझायनरला पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते. तक्रारीत लोक ज्या शब्दांत अडचण सांगतात ते शब्द कुठल्याही अहवालात सापडत नाहीत. दुपारी फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तास-दोन तास प्रत्यक्ष काम. संध्याकाळी डिझाइन क्रिटिक, म्हणजे एकमेकांच्या कामावर बसून बोलणं. त्यात "छान दिसतंय" याला काही किंमत नसते. "नाव चुकीचं टाकलं तर मागे कसा येईल?" याला असते.

आठवड्यातून एक-दोनदा तयार होत असलेलं ॲप स्वतःच्या फोनवर टाकून तपासायचं. फिग्मात होतं तसं ते जवळजवळ कधीच उतरलेलं नसतं. कधी अंतरं चुकलेली असतात, कधी मोठ्या नावाने पुढची रक्कम बाहेर ढकललेली असते. हे तपासणं डिझायनरचंच काम आहे. "मी फाइल दिली होती" म्हणून हात झटकता येत नाहीत.

## एखादं उदाहरण तपशिलात सांगाल का?

सांगते, आणि सगळ्यात नावडता पडदा घेऊन सांगते: पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत.

यूपीआयने किराणा दुकानात ६४० रुपये दिले. बँकेचा कापल्याचा मेसेज आला. ॲपमध्ये चक्र फिरतंय. दुकानदाराच्या काउंटरवरचा स्पीकर गप्प आहे. मागे रांग लागली आहे. या क्षणी ग्राहकाच्या मनात तीन प्रश्न असतात: माझे पैसे गेले का, मी परत पाठवू का, आणि आता दुकानदाराला काय सांगू?

डिझाइन शिकणारी मुलं यासाठी पिवळ्या रंगाचा, घड्याळाचं चित्र असलेला पडदा काढतात आणि खाली लिहितात, "आपला व्यवहार प्रक्रियेत आहे." तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आता काम कसं पुढे जातं ते बघा. आधी नियम वाचावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खातरजमा झाली नाही, तर ही मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची आहे. मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे "काही वेळाने तपासा" असं मोघम लिहिण्याची गरजच नाही, तारीख लिहिता येते. ती तारीख कुठली हे व्यवहाराच्या प्रकारावर ठरतं, म्हणून इंजिनिअरला विचारायचं की हा व्यवहार दुकानाचा आहे की व्यक्तीचा हे त्या क्षणी आपल्याला कळतं का. कळत असेल तर दोन वेगळे मजकूर लागतात.

मग क्रम. सगळ्यात वर रक्कम आणि कुणाला. त्याखाली एक वाक्य: "बँकेने अजून खात्री दिलेली नाही. पैसे दुकानदाराला मिळाले नाहीत, तर १४ तारखेपर्यंत तुमच्या खात्यात परत येतील." त्याखाली बारा आकडी संदर्भ क्रमांक, कॉपी करण्याच्या बटणासह, कारण बँकेत फोन केला की पहिल्यांदा तोच मागतात. "पुन्हा पैसे द्या" हे बटण या पडद्यावर ठेवायचं की नाही, यावर आमच्याकडे खूप वाद होतात. ठेवलं तर लोक दोनदा पैसे देतात, काढलं तर रांगेतला माणूस अडकून राहतो. माझं मत: बटण ठेवावं, पण दाबल्यावर आधीचा व्यवहार पूर्ण होण्याची शक्यता अजून आहे हे रकमेसकट सांगावं आणि मग त्याला ठरवू द्यावं. मोठ्या माणसाला त्याच्या पैशांबद्दल खरी माहिती द्यायला घाबरू नये.

आणि दुकानदाराचं काय? त्याचे हात तराजूवर आहेत, तो फोन बघू शकत नाही. म्हणून तर "रुपये प्राप्त झाले" असं मोठ्याने सांगणारा स्पीकर दुकानादुकानांत आला. हा पडदा डिझाइन करताना आपला ग्राहक एकटा उभा नाही, समोर आणखी एक माणूस त्याच व्यवहाराची वाट बघतोय, हे लक्षात ठेवावं लागतं.

एवढ्या सगळ्यातून शेवटी निघतो तो एक पडदा. वरवर पाहता अर्ध्या तासाचं काम. पण ॲपवर लोकांचा विश्वास बसतो किंवा उडतो तो इथेच. सगळं सुरळीत झालं तेव्हाचा हिरवा टिकमार्क कुणीही काढू शकतं. अडलेल्या माणसाला पुढे काय करायचं हे कळणं, माझ्या लेखी या कामाचा मोठा भाग हाच आहे.

## लोकांशी बोलता म्हणजे सर्व्हे करता का?

सर्व्हे क्वचित. "तुम्हाला हे फीचर आवडेल का?" असं विचारलं तर आपली माणसं समोरच्याचं मन राखायला "हो, छान आहे" म्हणतात. त्याऐवजी मागचा खरा प्रसंग विचारायचा: "शेवटचं वीजबिल कधी भरलं? फोन कुणाच्या हातात होता? मग काय झालं?" आणि शक्य असेल तिथे शेजारी बसून बघायचं. काम करायला सांगायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार कठीण जातं; ते बटण शोधत असतात आणि आपला हात शिवशिवत असतो. पाच-सहा माणसांबरोबर हे केलं तरी मोठ्या अडचणी समोर येतात.

जिथे वापर होणार तिथे जाण्याला पर्याय नाही. ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करायची पद्धत आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश त्याबरोबर जातात. असं काही डिझाइन करायचं झालं तर एसी ऑफिसात बसून काय सुचणार? शेतात ऊन इतकं असतं की फिकट करड्या अक्षरांतली सूचना दिसतच नाही. हाताला माती असते. रेंज बांधावर येते आणि आत जाते. फोन बऱ्याचदा घरातल्या मुलाचा किंवा सुनेचा असतो आणि गट क्रमांक वडिलांना पाठ असतो, म्हणजे ॲप वापरणारी माणसं दोन. यातली प्रत्येक गोष्ट डिझाइनचा निर्णय बदलते: अक्षरं किती गडद, बटण केवढं, रेंज गेल्यावर भरलेली माहिती राहते की उडते.

## शेवटचा निर्णय कुणाचा असतो? डिझायनर, मॅनेजर की इंजिनिअर?

प्रॉडक्ट मॅनेजर काय आणि का हे धरून ठेवतो, इंजिनिअर कसं बनेल ते, डिझायनर वापरणाऱ्याच्या बाजूने कसं असावं ते. चांगल्या टीममध्ये या रेषा पुसट असतात. निर्णयाचा मान बहुधा मॅनेजरकडे जातो, पण पुरावा ज्याच्याकडे असतो त्याचं चालतं. म्हणून "मला असं वाटतं" याऐवजी चार माणसांचे व्हिडिओ घेऊन बैठकीला जा.

कधी कधी वापरणाऱ्याला त्रास देणारा नियम मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो समजून घ्यावा लागतो. मुंबईकरांना यूटीएस ॲपचा अनुभव असेल: कागदाशिवायचं लोकलचं तिकीट स्टेशनच्या आवारात उभं राहून काढता येत नसे. स्टेशनवर पोहोचलेला माणूस वैतागायचा. पण ती मुभा दिली असती तर लोक टीसी दिसल्यावरच तिकीट काढायला लागले असते. पुढे स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट काढायची सोय झाली. फुकट्यांना वाव मिळू नये आणि प्रामाणिक माणसाला परत रस्त्यावर जायला लागू नये, असा तो मधला मार्ग होता. नियम तसाच ठेवून माणसाची अडचण सोडवण्याचा हा नमुना मला फार आवडतो.

## चित्रकला यायला हवी का?

नाही. कागदावर चौकोन, बाण आणि माणसाची काडीची आकृती काढून कल्पना सांगता आली की पुरे. नजर मात्र लागते: दोन गोष्टींतलं अंतर, अक्षरांचा आकार, कशावर आधी लक्ष जातं. ती बघून बघून तयार होते. वस्तूंच्या डिझाइनला जायचं असेल तर हाताने रेखाटन आणि मॉडेल बनवण्याचा सराव गरजेचा आहे.

## कोडिंग?

लिहिता यायलाच हवं असं नाही. वाचून थोडं कळलं तर इंजिनिअरशी बोलणं सोपं जातं. डेटा कुठून येतो, यायला वेळ का लागतो, काय करणं स्वस्त आणि काय महाग, एवढी समज हवी.

## सॉफ्टवेअर कुठली शिकू?

फिग्मा. बहुतेक ठिकाणी तेच चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं आणि शिकायला मोफत खातं पुरतं. महिन्याभरात हात बसतो. सॉफ्टवेअरच्या महागड्या कोर्सवर पैसे घालवू नका, आईवडिलांनाही हे सांगा.

## मराठीत ॲप करायचं म्हणजे इंग्रजी मजकुराचं भाषांतर करून टाकायचं, बरोबर?

इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी वाचणाऱ्यांना रोज त्रास होतो आणि तो टाळणं डिझायनरच्या हातात आहे.

पहिली गोष्ट उंचीची. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार एकत्र येतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं लोंबतात. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून ओळीची उंची घट्ट बांधलेली असली की मराठीत वरचे अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. "सुरू करा" लिहिलेल्या बटणात "सु"चा उकार गायब झालेला बघा, मग कळेल मी काय म्हणते. उपाय सोपा आहे: कुठलाही घटक बनवताना पहिल्याच दिवशी त्यात "कर्तृत्व", "र्‍हस्व", "उंट्ठू" असे जाणूनबुजून उंच-खोल शब्द टाकून बघायचे. अर्थ असण्याची गरज नाही, काही कापलं जातंय का एवढंच बघायचंय.

दुसरी गोष्ट फॉन्टची. मराठीतल्या ल आणि श ची वळणं हिंदीहून वेगळी असतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं दिलेली असतात, पण मजकूर मराठी आहे अशी खूण कोडमध्ये करावी लागते. केली नाही तर हिंदी वळण येतं. त्याच खुणेवर पडदा मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर उच्चार ठरवतं, त्यामुळे डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकासाठीही ती गरजेची. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे, अनेक जाडींत आहे आणि लहान आकारात छान वाचता येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो वापरून बघावा.

तिसरी गोष्ट नावांची. फॉर्ममध्ये आधी नाव मग आडनाव असे रकाने असतात. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर बाईच्या काही कागदांवर माहेरचं, काहींवर सासरचं. आधारवर एक क्रम, पॅनवर दुसरा. केवायसी अडली की त्यामागे पुष्कळदा हेच असतं. "नाव जुळत नाही" एवढं लाल अक्षरांत दाखवून थांबणं चुकीचं आहे. पॅनवर काय छापलंय आणि तुम्ही काय भरलंय, हे एकाखाली एक दाखवलं की माणसाला स्वतःच दिसतं.

चौथी, लहानशी: मराठी कीबोर्डवरून कुणी ९८ असे आकडे टाकले आणि कोडला फक्त इंग्रजी अंक कळत असतील, तर बरोबर भरलेला फोन नंबर चुकीचा ठरतो. ॲपने ते आकडे आपणहून बदलून घ्यावेत.

आणि मजकूर मराठीतच लिहावा, लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. मराठी त्यात आहेच. वकिलाच्या इंग्रजीचं शब्दशः मराठी करून हे भागणार नाही. आजीला वाचून दाखवल्यावर तिने "म्हणजे माझा नंबर ते कुणाला देणार?" असं विचारलं, तर सूचना पोहोचली.

## कंपनीने लोकांना फसवणारं डिझाइन करायला सांगितलं तर?

सांगतात. उघडपणे "फसव" असं कुणी म्हणत नाही. "हा टिकमार्क आधीच लावून ठेव", "रद्द करायचं बटण जरा आत टाक", "दोनच शिल्लक असं लिही" असं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले: खोटी घाई दाखवणं, न विचारता बास्केटमध्ये वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्वातून बाहेर पडू न देणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, वगैरे. त्यामुळे आता डिझायनर एकटा पडत नाही. "हे मला पटत नाही" म्हणण्याऐवजी "हे यादीतल्या या प्रकारात बसतं, लीगलला विचारू या" असं म्हणता येतं, आणि त्याने बहुतेक विषय तिथेच मिटतो. मिटला नाही आणि पुन्हा पुन्हा तसंच काम येत राहिलं, तर मी दुसरी नोकरी शोधायला सांगेन. आपण काढलेल्या पडद्यावर कुणाच्यातरी पेन्शनमधले पैसे जाणार असतात.

## डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या, हात थरथरणाऱ्या लोकांचा विचार कुणी करायचा?

डिझायनरने, पहिल्या दिवसापासून. ठरलेले आकडे आहेत, पाठ करून टाका: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांचा ३:१. बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपलची शिफारस ४४ पॉइंटची, अँड्रॉइडची ४८ डीपीची (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापं). फक्त रंगावरून काही सांगायचं नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून आपलं ॲप उघडा. घरातल्या ज्येष्ठांचे फोन असेच असतात, आणि कितीतरी ॲपची त्यात दैना होते.

## काम चांगलं झालं हे कशावरून ठरतं?

सुरू करण्याआधीच ठरवायचं असतं. केवायसीचं डिझाइन असेल तर सुरू केलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोहोचले, कुठल्या पायरीवर गळले, त्या विषयाच्या तक्रारी घटल्या का. आकडा सुधारला तरी का सुधारला हे तपासावं. बाहेर पडायचं बटण लपवूनही "टिकून राहिलेल्यांचं" प्रमाण वाढतंच.

## एआयमुळे हे काम राहील का?

पडदे काढण्याचा वेग खूप वाढला आहे. चार ओळी लिहिल्या की नीटनेटका पहिला मसुदा मिळतो. त्यामुळे नवशिक्यांना पूर्वी मिळायचं ते काम, म्हणजे एकाच पडद्याचे दहा नमुने करणं, कमी होणार, होतंच आहे. वर सांगितलेल्या अडकलेल्या व्यवहाराच्या पडद्यात मात्र बँक कधी काय कळवते, नियम काय म्हणतो, रांगेत उभ्या माणसाला आधी काय हवं, हे शोधून एकत्र आणावं लागतं. ज्यांना नुसते देखणे पडदे करायला आवडतात त्यांना पुढची वर्षं कठीण आहेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नव्यांनी संशोधन आणि मजकूरलेखन लवकर शिकावं. साधनं वापरावीत, आणि त्यांनी दिलेलं मराठी तर ओळ न ओळ तपासावं.

## शिक्षण कुठलं घ्यावं?

बारावीनंतर कुठल्याही शाखेतून बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला जाता येतं. आयआयटींसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, पदवीनंतरच्या एम.डेस.साठी सीड. एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते. पुण्यात सिम्बायोसिस आणि एमआयटीच्या डिझाइन संस्था आहेत, फी मात्र आधी नीट विचारून घ्या. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर करून सीड देणारे खूप असतात. डिझाइनची पदवी नसलेले चांगले डिझायनरही मी पाहिले आहेत: कुणी पत्रकारितेतून आलेलं, कुणी मानसशास्त्रातून, एकजण ग्राहक सेवेच्या फोनवर बसायचा. लोकांच्या अडचणी ऐकायची सवय त्याला आधीपासून होती आणि ती बाकीच्यांना शिकायला वर्षं लागतात.

## मराठी माध्यमातून आलोय, इंग्रजी कच्चं आहे. जमेल?

जमेल. ऑफिसात लिहायला-बोलायला इंग्रजी लागतं आणि त्यावर मेहनत घ्यावी लागेल, ते टाळून चालणार नाही. पण जालन्यातल्या दुकानदाराशी किंवा चिपळूणच्या बचत गटातल्या ताईंशी दुभाष्याशिवाय बोलू शकणारा डिझायनर टीममध्ये असणं ही मोठी गोष्ट आहे. मुलाखतीत हे स्वतःहून सांगा.

## पगार किती मिळतो?

तो कुठे काम करता यावर फार हलतो. स्वतःचं ॲप असणाऱ्या कंपन्या साधारणपणे, दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्या एजन्सी आणि आयटी सेवा कंपन्यांपेक्षा जास्त देतात. बंगळुरूत संधी जास्त आणि भाडंही जास्त. सुरुवातीला चार हजार कमी मिळाले तरी चालतील, पण ज्याच्याकडून शिकता येईल असा अनुभवी डिझायनर त्या टीममध्ये आहे का ते बघा. एकट्याने सुरुवात करणाऱ्यांची पहिली दोन वर्षं बरीच वाया जातात.

## पोर्टफोलिओत काय ठेवू?

दोन किंवा तीन कामं, नीट मांडलेली. मोठ्या ॲपचं "मी नवं रूप दिलं" अशा प्रकारचं काम सगळेच ठेवतात आणि त्यातून तुमच्याबद्दल काही कळत नाही, कारण त्या कंपनीच्या अडचणी तुम्हाला माहीत नसतात. जवळचं काहीतरी घ्या. सोसायटीच्या पाणीटँकरची नोंद, खाणावळीचे महिन्याचे डबे, गावच्या वाचनालयाची देवघेव, मामाच्या दूध संकलन केंद्रावरची वही. तिथे जा, बसा, लोक आज काय करतात ते लिहून काढा. वहीचा फोटो ठेवा, कुणी कुठे खाडाखोड केली आहे ते दाखवा. तुम्ही काय सुचवलं, वापरून बघितल्यावर काय चाललं नाही, मग काय बदललं, हे क्रमाने मांडा. खरी माणसं फोटोत असतील तर त्यांची परवानगी घ्या.

मुलाखतीत मी पोर्टफोलिओतला एक पडदा उघडून विचारते, "इथे नेट गेलं तर काय दिसेल?" मग, "यादी रिकामी असेल तर?" मग, "काकांनी चुकून दोनदा दाबलं तर?" ज्याने खरंच त्या डेअरीवर सकाळी जाऊन बघितलेलं असतं तो लगेच सांगायला लागतो की तिथे नेट सातनंतरच येतं, म्हणून त्याने नोंदी आधी फोनमध्येच ठेवल्या, आणि दोनदा दाबणं तर रोजचंच, कारण एक हात दुधाच्या कॅनवर असतो.